काळजी करणें आणि काळजी घेणें

पडशासारख्या क्षुद्र दुखण्याचा नीतिशास्त्राच्या दृष्टीनें विचार करावयाचा म्हटलें, तर पुष्कळ वाचकांस तो शास्त्राचा उपमर्द वाटण्याचा संभव आहे. पडसें हें दुखणें आहे कीं नाहीं, याविषयींच आपल्या घरांतून एकवाक्यता नसते. सुंठीचा काढा, गवती चहा आणि रात्रीं डोक्याला फडकें बांधून निजणें, एवढ्यावर त्याची बोळवण होते. त्याविषयीं तक्रार करणाऱ्याला घरांत विशेष सहानुभूतिही मिळत नाहीं. परंतु गांवांत फ्लूची सांथ आली म्हणजे या क्षुद्र दुखण्याला एकाएकीं तत्त्वज्ञानाचा दर्जा प्राप्त होतो. एरव्हीं जी शिंक फार तर बाहेर निघतांना झालेला अपशकुन म्हणून कोणाला खटकली असती, ती ऐकतांच आगगाडीच्या डब्यांतील दहा माना वळतात. शिंकणारा ओशाळून म्हणतो, 'साधें पडसें आहे.' हें विधान तो कशाच्या आधारें करतो? आणि तें खरें आहे कीं खोटें हें ठाऊक नसतांना त्यानें वागावें कसें? हे दोन प्रश्न एकच आहेत, असें सामान्यतः समजलें जातें. ते एक नाहींत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें सांथीच्या दिवसांत चांगल्या शहाण्या माणसांचें वर्तन बिघडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिल्या प्रश्नाला वैद्यकाजवळ उत्तर आहे, आणि तें बऱ्याच अंशीं चांगलें आहे. पडसें पायरीपायरीनें येतें. प्रथम घसा खवखवतो, मग नाक वाहूं लागतें, शिंका येतात, दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं नाक चोंदतें. प्रौढ माणसाला ताप बहुधा येत नाहीं, आला तरी कणकणीपलीकडे जात नाहीं. आणि कुरकुरत कां होईना, तो आपलें काम करीत राहतो. फ्लू असा पायरीपायरीनें येत नाहीं. सकाळीं धडधाकट असलेला मनुष्य संध्याकाळीं अंथरुणाला खिळतो. थंडी वाजून ताप चढतो, डोकें ठणकतें, अंग मोडून येतें, कोरडा खोकला लागतो, आणि थकवा असा येतो कीं उठून पाणी पिण्याचाही कंटाळा यावा. तीनचार दिवसांत ताप उतरला तरी खोकला व थकवा पुढें पंधरवडाभर रेंगाळतात. पडशाचा शेवट बहुधा पडशांतच होतो. फ्लूचें पर्यवसान फुप्फुसदाहांत झालें म्हणजे जिवावर बेततें. आणि म्हातारीं माणसें, तान्हीं मुलें, गर्भवती स्त्रिया, तसेंच दमा, मधुमेह, हृद्रोग यांनीं अगोदरच पीडिलेले लोक यांना तो धोका अधिक. कारणेंही भिन्न. फ्लू हा एकाच कुलांतील विषाणूंचा उद्योग. पडसें हें दोनशेंहून अधिक निरनिराळ्या विषाणूंच्या पराक्रमाचें समाईक नांव.

वर्णन इतकें स्वच्छ असतां अडचण कोठें येते? अडचण अशी कीं, हीं चित्रें दोन टोकांचीं आहेत, आणि रोगी पुष्कळदां मधल्या प्रदेशांत असतो. फ्लूची लागण झालेल्यांपैकीं कित्येकांचें नुसतें नाक वाहतें, कित्येकांना तेवढेंही होत नाहीं. ज्यांना पुढें ताप यावयाचा असतो, ते ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला रोग देऊं शकतात. म्हणजे 'मला काय झालें आहे' हा प्रश्न मनांत येण्यापूर्वींच त्याचें उत्तर शेजाऱ्याच्या घशांत जाऊन बसलेलें असतें! खात्रीच करून घ्यावयाची तर नाकाघशांतील स्राव काढून तपासावा लागतो. आणि शास्त्राची खात्री तरी नेहमींच खात्री असते काय? १८९२ सालीं फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें फ्लूच्या रोग्यांत सांपडलेल्या एका जंतूवर या रोगाचा आरोप ठेवला, आणि १९१८ च्या महासांथींत जगांतील कितीतरी डॉक्टर त्याच जंतूच्या मागावर होते. माणसाच्या फ्लूचा खरा विषाणु हातीं लागला तो १९३३ सालीं, इंग्लंडांत. फायफरच्या जंतूवरील हा आरोप खोटा ठरला. तरी त्याच्या शास्त्रीय नांवांत 'इन्फ्लुएंझा' अजून आहेच. आरोप उडाला तरी नांव चिकटून राहतें, हें माणसांच्या बाबतींतही आढळतें.

आधीं नक्की कळूं दे, मग कसें वागावयाचें तें ठरवूं, असें सुशिक्षित मनाला वाटणें स्वाभाविक आहे. या वृत्तीचा जो प्रयोग पुण्यानें २००९ च्या ऑगस्टांत पाहिला तो विसरण्यासारखा नाहीं. स्वाइन फ्लूनें देशांतील पहिला मृत्यु त्या महिन्याच्या ३ तारखेस पुण्यांत झाला, आणि लवकरच नायडू रुग्णालयापुढें तपासणीसाठीं रांगा लागल्या. शाळा बंद झाल्या, औषधांच्या दुकानांतून मुखपट्ट्या नाहींशा झाल्या, लोक तोंडाला रुमाल आणि ओढण्या बांधून हिंडूं लागले. त्या रांगांत फ्लूचे रोगी होतेच. परंतु ज्यांना साधें पडसें होतें असे होते, आणि ज्यांना कांहींच झालेलें नव्हतें, पण कांहीं झालेलें नाहीं हें कागदावर लिहून हवें होतें, असेही होते. ते सर्व एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर उभे राहिले. आपल्याला फ्लू नाहीं याची खात्री करून घेण्यासाठीं, जेथें फ्लू असल्याची खात्री आहे तेथेंच गर्दी करावयाची, हा तर्कशास्त्राच्या पुस्तकांत घालण्यासारखा मासला आहे. यांत कोणी मूर्ख नव्हता. प्रत्येकाला फक्त निश्चय हवा होता, आणि तो मिळेपर्यंत स्वस्थ बसणें त्याला अशक्य झालें होतें.

त्याच सांथींत केंद्र सरकारनें रोग्यांची एक वर्गवारी प्रसिद्ध केली. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेल्यांची तपासणी करण्याचें कारण नाहीं. त्यांनीं घरीं राहावें, लोकांत आणि घरांतील नाजूक प्रकृतीच्या माणसांत मिसळूं नये, आणि डॉक्टरांनीं एकदोन दिवसांनीं त्यांना पुन्हां पाहावें. ताप फार असेल किंवा प्रकृति जोखमीची असेल, तर तपासणीची वाट न पाहतां डॉक्टरांनीं औषधाचा विचार करावा. धाप लागणें, छातींत दुखणें, ग्लानि येणें, थुंकींतून रक्त पडणें, नखें निळीं होणें, असें कांहीं दिसलें तर मात्र रुग्णालय गांठावें. तपासणी त्या रोग्यांची. पुष्कळांस ही सरकारी टाळाटाळ वाटली. आम्हांस त्या रूक्ष परिपत्रकांत नीतिशास्त्रांतील एक मोठा सिद्धांत दडलेला दिसतो. 'तुला काय झालें आहे' हें सांगतां आलें नाहीं, तरी 'तूं कसें वागावें' हें सांगतां येतें!

मर्यादित बुद्धीच्या माणसाला आयुष्यांत संभाव्यता हीच वाटाडी आहे, असें बिशप बटलर यानें १७३६ सालीं प्रतिपादिलें. तत्त्वज्ञानाच्या वर्गांत हें सांगितलें म्हणजे विद्यार्थी मान डोलावतात, आणि तास संपल्यावर छत्री न घेतां पावसांत जातात. संभाव्यतेचा हिशोब एकट्याचाच असेल तोंवर त्यांत वावगें कांहीं नाहीं. भिजेल तो भिजेल. पडशाचा आणि फ्लूचा हिशोब निराळा आहे. पडसें असतां फ्लू समजून दोन दिवस घरीं बसलों, तर नुकसान दोन दिवसांचें, आणि तें आपलें. फ्लू असतां पडसें समजून हिंडलों, तर नुकसान कदाचित् एखाद्या म्हातारीच्या प्राणाचें, आणि तें दुसऱ्याचें. शिवाय तें कोणामुळें झालें हें आपल्याला किंवा तिच्या मुलांना कधीं कळणारही नाहीं. ज्या चुकीचें बिल दुसऱ्याच्या नांवावर जातें, त्या चुकीची संभाव्यता माणसाला नेहमीं कमी वाटते. याच्या उलट आपल्यावर येणारें संकट त्याला मोठें दिसतें. म्हणून सांथीच्या दिवसांत एक चमत्कारिक निदानशास्त्र प्रचारांत येतें. त्याचा नियम एकच: स्वतःची शिंक पडशाची, दुसऱ्याची फ्लूची.

'साधें पडसें आहे' हें वाक्य आम्हांस म्हणूनच निरुपद्रवी वाटत नाहीं. तें निदान असल्याचा आव आणतें, पण असते ती परवानगी: लग्नाला जाण्याची, सभेंत बोलण्याची, नातवाला मांडीवर घेण्याची. जें करण्याचें मनांत अगोदरच ठरलें आहे, त्याला अनुकूल असें निदान माणूस स्वतःच करून घेतो. यांत असत्य भाषण आहे काय? बोलणारा जाणूनबुजून खोटें बोलत नाहीं. पण खरें कळावें अशी त्याची इच्छाही नसते. न्यायाधीशानें स्वतःच्या खटल्यांत बसूं नये, हा नियम न्यायालयांत सर्वांस मान्य आहे. आपल्या शिंकेचा न्याय मात्र आपण स्वतःच करतों, आणि निकाल ठरलेला असतो.

कोणी म्हणेल कीं, मग मनुष्यानें सदा भीतीच्या छायेंत राहावें काय? येथें आपल्या भाषेचा थोडा आश्रय करावासा वाटतो. मराठींत काळजी एकच, पण तिला क्रियापदें दोन. आपण काळजी करतों आणि काळजी घेतों. (काळीज आणि काळजी हे शब्द कानाला सख्खे वाटतात, व्युत्पत्ति काय असेल ती असो.) काळजी करणाऱ्याला दुसऱ्या कोणाची गरज नसते. भिंतीकडे तोंड करून तो ती रात्रभर करूं शकतो, आणि सकाळीं तिचा जगांत कोठेंही माग राहत नाहीं. काळजी घेणाऱ्याला हातानें कांहीं करावें लागतें: खिडकी उघडावी लागते, पाणी तापवावें लागतें, आईला भेटावयास जाण्याचा बेत मोडावा लागतो, वरिष्ठाला रजेचा अर्ज लिहावा लागतो. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचें अंतर आहे असें सांगून आपले पूर्वज मोकळे झाले. पण ज्याला चिंता मुळींच शिवत नाहीं, तो खिडकी तरी कशाला उघडील? काळजी करणें हा कच्चा माल आहे. त्याचें काळजी घेण्यांत रूपांतर झालें नाहीं, म्हणजे तो कुजतो, आणि कुजल्यावर त्याचें काय होतें तें आपण पाहिलेलें आहे. २०२० च्या कोविडच्या सांथींत २२ मार्चच्या सायंकाळीं गच्च्यागच्च्यांतून डॉक्टर व परिचारिका यांच्या सन्मानार्थ थाळ्या वाजल्या. आणि त्याच महिन्यांत देशांतील कित्येक शहरांतून घरमालक त्याच डॉक्टरांस व परिचारिकांस बिऱ्हाड सोडण्यास सांगूं लागले. शेवटीं त्यांच्या रक्षणासाठीं सरकारला एप्रिलांत वटहुकूम काढावा लागला, आणि त्यासाठीं जो कायदा दुरुस्त करावयाचा तो १८९७ च्या प्लेगांतला! सव्वाशें वर्षांत रोग बदलला, भीतीची रीत बदलली नाहीं.

याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडे एक धीरोदात्त वर्ग आहे. 'मरण कोणाला चुकलें आहे?' असें म्हणून तो तोंडावर हात न ठेवतां खोकतो. स्थितप्रज्ञाचें लक्षण म्हणून कांहीं लोक त्याचें कौतुकही करतात. एपिक्टेटस या रोमन काळांतील स्टोइक तत्त्ववेत्त्यानें आपल्या हातांतल्या गोष्टी आणि आपल्या हातांत नसलेल्या गोष्टी असा भेद करण्यास शिकविलें, आणि दुखणें हें हातांत नसलेल्यांत घातलें. तें बरोबरच आहे. परंतु खोकतांना तोंड कोणीकडे करावें हें हातांतलें आहे. संसर्गजन्य रोगांत मनुष्य केवळ भोगणारा नसतो, देणाराही असतो. आणि भोगण्याच्या बाबतींतील निर्भयता देण्याच्या बाबतींत लागू केली कीं ती निर्भयता राहत नाहीं, दुसऱ्याच्या जिवावरचें औदार्य होतें. सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चांत पुण्याच्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. त्यांनीं दुसऱ्याच्या प्राणासाठीं आपला प्राण जोखमींत घातला. हा धीरोदात्त गृहस्थ आपल्या सोयीसाठीं दुसऱ्याचा घालतो. बाहेरून दोघेही रोगाला भीत नाहींत, एवढेंच काय तें साम्य.

सार्वजनिक काळजीचा प्रश्न आणखी बिकट आहे, कारण तेथें 'साधें पडसें आहे' हें वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडून येण्याचा संभव असतो. १९१८ च्या सांथीला 'स्पॅनिश' हें नांव पडलें तें ती स्पेनमध्यें उपजली म्हणून नव्हे. लढणाऱ्या राष्ट्रांनीं वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या होत्या. तटस्थ स्पेनमधील पत्रें मात्र आपला राजासुद्धां आजारी पडल्याचें छापीत राहिलीं. ज्यानें खरें सांगितलें त्याच्या नांवावर रोग चढला! लोक घाबरतील म्हणून खरें सांगूं नये, हा युक्तिवाद वरवर दयाळू दिसतो. पण लोक घाबरतात ते बहुधा अर्धवट ऐकल्यामुळें. सरकारनें सांगितलें नाहीं म्हणजे शेजारी सांगतो, आणि शेजाऱ्याजवळ आंकडे नसले तरी कल्पना भरपूर असते. शिवाय ज्या सरकारानें एकदां लहान गोष्ट लपविली, त्यानें पुढें मोठी गोष्ट उघड सांगितली तरी ती कोणी मानीत नाहीं.

मुंबईंत १९१८ सालीं जूनच्या १० तारखेस सात पोलीस शिपाई तापानें रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकीं एकाची नेमणूक गोदीवर होती, आणि ताप हिवतापाचा नव्हता. ती पहिली लाट मागाहून आलेल्या लाटेच्या मानानें सौम्य होती. सप्टेंबरांत रोग परत आला तो निराळ्याच रूपानें, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशीं शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानांत एकंदर किती माणसें मेलीं याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, एवढें तरी शिरगणतीवरून स्पष्ट आहे. या सर्व आंकड्यांत आम्हांस सर्वांत अस्वस्थ करणारा आंकडा मात्र लहान आहे. मुंबईंत त्या सांथींत दर हजार युरोपियनांमागें सुमारें ८ दगावले, पारशांमागें ९, आणि खालच्या म्हणून गणलेल्या जातींतील हिंदूंमागें ६१ हून अधिक. विषाणूनें जात विचारली नव्हती. पण रोग एक असला तरी निजावयास मोकळी खोली, प्यावयास दूध, उशाशीं बसावयास माणूस आणि चार दिवस कामावर न गेलें तरी पेटणारी चूल, या गोष्टी सर्वांच्या घरीं सारख्या नव्हत्या. त्यांत त्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलें होतें. गिरणगांवांतील चाळींतल्या एका खोलींत आठ माणसें निजत, तेथें 'रोग्यास निराळें ठेवावें' या सूचनेचा अर्थ काय होता, हें सूचना लिहिणारालाच ठाऊक!

आणि येथेंच काळजी घेण्याची गोष्ट केवळ व्यक्तीच्या सद्बुद्धीवर सोडतां येत नाहीं, असें आमचें मत झालें आहे. 'ताप आहे, घरीं राहा' हा उपदेश ऐकावयास फुकट असला तरी पाळावयास महाग आहे, आणि त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाहीं. ज्याला पगारी रजा आहे त्याला पुण्य स्वस्त पडतें. आमच्याच व्यवसायांतील उदाहरण घ्या. ठराविक उपस्थिति नसेल तर परीक्षेस बसूं द्यावयाचें नाहीं, असा नियम महाविद्यालयांतून असतो; त्यांतून सुटावयाचें तर डॉक्टरांचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठीं पुन्हां गर्दींत जाऊन बसणें आलें. परिणामीं फ्लूच्या दिवसांत वर्गांत जो खोकल्याचा नाद उठतो तो आमच्या व्याख्यानापेक्षां सलग असतो. वर्षभरांत एकही दिवस न चुकविणाऱ्या मुलाला शाळा बक्षीस देते. तो कोणकोणत्या दिवशीं तापांत फणफणत येऊन बसला होता आणि त्याच्या बाकावरील किती मुलें पुढल्या आठवड्यांत घरीं राहिलीं, याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. कचेरींत 'अंगांत ताप असूनही कामावर हजर' ही स्तुति समजली जाते, ही सुद्धां त्यांतलीच गोष्ट. तो गुण आहे असें शिकविणारे आपण, आणि सांथ आली म्हणजे लोक घरीं कां बसत नाहींत म्हणून आश्चर्य करणारेही आपणच.

आपल्या पांढरपेशा घरांतून ही गोष्ट फार लांब पाहावयास जाण्याची जरूर नाहीं. धुणेंभांडें करणाऱ्या बाईचा सकाळीं निरोप येतो कीं, अंग गरम आहे. घरची मालकीण काळजीनें म्हणते, 'मग नको हो येऊं, चार दिवस चांगली नीज.' या वाक्यांत तिच्याविषयींची काळजी किती आणि आपल्या मुलांविषयींची किती, हा भेद करीत बसण्याचें कारण नाहीं. दोन्ही असतात, आणि दोन्ही योग्य आहेत. चार दिवसांचा पगार धरला जाईल कीं कापला जाईल, याचा उच्चार मात्र त्या संभाषणांत होत नाहीं. मालकिणीला तो करण्याचें सुचत नाहीं, आणि बाईला तो करण्याचा संकोच वाटतो. तिची अशीं पांच घरें असतात. चार दिवसांचे पांच घरीं मिळून किती, हा हिशोब ती रात्रीं करते. दुसऱ्या दिवशीं नेहमींच्या वेळेला दारावरची घंटा वाजते. पदर नाकाला लावून ती उंबऱ्याबाहेर उभी असते, आणि कोणी कांहीं विचारण्यापूर्वींच सांगते, 'काही नाही बाई, साधं पडसं आहे.'